गाडीचं इंजिन ऑइल घरी बघणं आणि घालणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या बेळगावात ऑइल 'ओतत' नाहीत, 'घालतात'. कानडीतल्या 'हाकु'चा, म्हणजे 'घाल'चा, शेजार असेल कदाचित. खाली जे प्रश्न आहेत ते खानापूर, निपाणी, संकेश्वरकडचे पाहुणे आणि गल्लीतले शेजारी मला बॉनेट उघडून उभे असताना विचारतात ते. मी मिस्त्री नाही. पंधरा वर्षं स्वतःची जुनी गाडी सांभाळणारा माणूस आहे, आणि एकदा चांगली चूक करून बसलेला. ती चूकही खाली सांगितली आहे.

सर्व्हिसिंगला देतोच की गाडी. मग घरी बघायची काय गरज?

सर्व्हिसिंग बहुतेक गाड्यांना १०,००० किलोमीटरला किंवा वर्षाला एकदा असतं. मधल्या अकरा महिन्यांत तुमच्या इंजिनात काय चाललंय ते कोणी बघत नाही. लहान पेट्रोल गाडीत सगळं मिळून ऑइल असतं तीन-साडेतीन लिटर. त्यातलं एक लिटर गेलं तर उरलेल्या दोन-अडीच लिटरला तेवढंच काम करावं लागतं: वंगण द्यायचं, उष्णता वाहून न्यायची, काजळी पोटात ठेवायची. गाडी तक्रार करत नाही, नेहमीसारखीच चालते. म्हणून कळत नाही.

इंजिन थोडं ऑइल खातं, हा दोषही नाही. काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये १,००० किलोमीटरला अर्धा ते एक लिटरपर्यंतचा खप चालण्यासारखा धरलेला असतो. ऑइल कमी होण्यात काही बिघडत नाही, ते कमी झालंय हे आपल्याला माहीत नसण्यात बिघडतं.

किती दिवसांनी बघायचं?

नवी गाडी असेल तर महिन्यातून एकदा. लाखाच्या पुढे पळालेली असेल तर पंधरा दिवसांनी. चोर्ल्याने गोव्याला किंवा आंबोलीने सावंतवाडीला उतरायचं असेल तर आदल्या संध्याकाळी किंवा त्याच सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी. चोर्ला घाटात वळणावर गाडी लावून पट्टी, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी डिपस्टिक, बघायची वेळ कोणावर येऊ नये.

आमच्या घरी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडतात, त्याच चौकोनात मी तारखेखाली किलोमीटर आणि 'ऑ. ठीक' किंवा 'ऑ. पाव लि.' लिहितो. वर्षअखेरीस गाडीने किती खाल्लं ते मिस्त्रीला विचारावं लागत नाही.

इंजिन गरम असताना बघायचं की थंड असताना?

तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय ते पहिलं. बऱ्याच कंपन्या सांगतात: इंजिन गरम करा, बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग बघा. हे थांबणं महत्त्वाचं. इंजिन चालू असताना ऑइल वर हेडपर्यंत, म्हणजे इंजिनच्या माथ्यापर्यंत, चढलेलं असतं. बंद केल्यावर ते सावकाश खालच्या टाकीत, म्हणजे संपमध्ये उतरतं. लगेच पट्टी काढली तर ती कमी दाखवणारच.

मला स्वतःला सकाळची वेळ बरी वाटते. रात्रभरात सगळं ऑइल खाली बसलेलं असतं, हात भाजत नाही. गरम आणि थंड वाचनात किंचित फरक पडतो. मुद्दा असा की दर वेळी एकाच पद्धतीने बघा. आज गरम, पुढच्या महिन्यात थंड असं केलं तर तुलनाच होत नाही.

पट्टी नेमकी कशी बघायची? एकदा पहिल्यापासून सांगा.

गाडी सपाट जागेवर लावा. हे वाक्य सगळे वाचतात आणि सोडून देतात. बेळगाव शहरात सपाट वाटणारे किती तरी रस्ते सपाट नसतात, आणि खानापूरकडच्या घरांची अंगणं तर पावसाचं पाणी निघून जावं म्हणून मुद्दाम उताराचीच केलेली असतात. शंका आली तर जमिनीवर गोटी ठेवून बघा. मी मुलाच्या गोट्या वापरतो. घरंगळली की जागा बदला.

हँडब्रेक ओढा, इंजिन बंद, चावी खिशात. बॉनेटची कळ ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी असते. ती ओढली की बॉनेट जरासं उचकटतं, मग पुढून बोटं घालून आतला खटका सरकवायचा. बॉनेटला टेकू देणारी सळई खाचेत नीट बसली का ते हलवून बघा. आणि एक सांगायचं राहतं नेहमी: गरम इंजिनचा पंखा चावी काढल्यावरही आपोआप फिरू शकतो. ओढणी, पदर, गळ्यातला टॉवेल लांब ठेवा.

डिपस्टिकचं टोक बहुधा पिवळी किंवा नारिंगी कडी असते. ती ओढून पट्टी बाहेर काढा आणि फडक्याने टोकापर्यंत पुसा. हे पहिलं वाचन धरायचं नाही, कारण नळीच्या भिंतीला लागलेलं ऑइल तिला माखलेलं असतं. पुसलेली पट्टी पूर्ण आत ढकला, टेकली असं हाताला जाणवलं पाहिजे. पुन्हा काढा, आडवी धरा. उभी धरली तर ऑइल ओघळतं आणि वाचन फसतं. दोन्ही बाजू बघा. दोन्हीकडे वेगळी रेघ दिसली तर खालची रेघ खरी धरा, किंवा पुसून पुन्हा एकदा घाला.

फडकं कोणतं? शहापूर-वडगावकडे मागांचा धाग्याचा वेस्ट स्वस्तात मिळतो आणि गॅरेजमध्ये सगळे तोच वापरतात. हात पुसायला तो ठीक आहे. पट्टीला मात्र नको, एखादा धागा चिकटून आत गेला तर तो ऑइलबरोबर फिरत राहतो. जुन्या धोतराचा किंवा बनियनचा धुतलेला तुकडा सगळ्यात चांगला. पांढरा असेल तर रंगही कळतो.

पट्टीवर काहीच लिहिलेलं नाही, दोन भोकं आहेत फक्त.

तीच खूण. काही गाड्यांत दोन भोकं, काहींत दोन खाचा, काहींत मधला भाग जाळीसारखा खरवडलेला, काहींत मिन-मॅक्स किंवा एल आणि एफ ही अक्षरं. टोकाकडची खूण किमान, वरची कमाल. रेघ या दोघांच्या मध्ये कुठेही असली तरी गाडी ठीक आहे. कमालला टेकलेलीच हवी असा हट्ट नको. मधल्या भागाच्या वरच्या अर्ध्यात असली की मी बॉनेट लावून टाकतो.

ऑइल नवं असलं की ते पाण्यासारखं पारदर्शक, रेघ दिसत नाही. पट्टी फडक्यावर हलकेच टेकवा, ओला भाग उमटतो.

कमी दिसतंय. किती घालू?

इथेच माझी चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी खानापूरहून घरी आलो. आमच्या घरासमोर रस्त्याला उतार आहे, तिथेच गाडी लावली आणि डोक्यात आलं म्हणून लगेच पट्टी काढली. किमानच्याही खाली. घरात एक लिटरचा डबा होता, तो अख्खा घालून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी जांबोटीच्या पुढे चढाला लागलो तर आरशात मागे निळसर धूर. घाम फुटला. परत फिरलो, मिस्त्रीकडे गेलो. त्याने गाडी आत सपाट फरशीवर घेतली, चहा मागवला, चहा पिऊन झाल्यावर पट्टी काढली आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "ऑइल कमी न्हाई हो, लई झालंय. कोन घातलं हे?"

मीच घातलं होतं. उतारावर आणि लगेच बघितल्यामुळे पट्टीने कमी दाखवलं होतं. मुळात गाडीत ऑइल जवळपास पुरेसं होतं.

तर उत्तर असं. किमान आणि कमाल यांच्यामधलं अंतर बहुतेक लहान गाड्यांत एक लिटरच्या आसपास असतं, काहींत त्याहून कमी. म्हणजे रेघ किमानवर असेल तरी एक लिटर एकदम घालायचं नाही. पाव लिटर घाला. बारीक आवाज येत ऑइल आत जातं, ते खाली संपपर्यंत पोचायला दोन-तीन मिनिटं द्या. पट्टी पुसून पुन्हा बघा. कमी वाटलं तर पुन्हा थोडं. रेघ मध्याच्या वर गेली की थांबा. डब्यात उरलं तर उरू दे.

घालायची जागा पट्टीची नळी नव्हे. इंजिनच्या माथ्यावर वेगळं झाकण असतं, त्यावर तेलाच्या झारीचं चित्र असतं. नरसाळं नसेल तर पाण्याच्या बाटलीचं तोंड कापून घ्या, पण आधी ती पूर्ण कोरडी करा. इंजिनवर सांडलं तर पुसून काढा. एक्झॉस्टवर पडलेलं ऑइल गरम झालं की जळकट वास येतो आणि धूर निघतो. आणि झाकण परत फिरवून घट्ट लावलं का ते बॉनेट पाडायच्या आधी बघा. झाकण बॅटरीवर ठेवून विसरलेले लोक माझ्या ओळखीत दोन आहेत.

थोडं जास्त झालं तर काय होतं? जास्त म्हणजे चांगलंच ना?

नाही. कमालच्या केसभर वर असेल तर काळजी नको. पण बरंच वर गेलं तर खाली फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा, क्रँकशाफ्ट, ऑइलमध्ये बुडतो आणि रवीने ताक घुसळावं तसं ते घुसळतो. फेस होतो. फेसाळलेलं ऑइल पंपाला नीट ओढता येत नाही आणि बेअरिंगला वंगण कमी मिळतं. म्हणजे ऑइल जास्त घालून वंगण कमी, असा उलटा प्रकार. शिवाय दाब वाढून सील गळू लागतात, इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरच्या पाइपमधून ऑइल हवेच्या वाटेने परत इंजिनात जाऊन जळतं. तोच माझा निळा धूर.

जास्त झालं असेल तर गाडी चालवू नका. पट्टीच्या नळीतून बारीक पाइप घालून मोठ्या सिरिंजने ओढून काढता येतं. खालचा ड्रेन नट सोडून थोडंसंच काढायच्या भानगडीत घरी पडू नका, सगळं ऑइल कोपरापर्यंत येतं.

कोणतं ऑइल घालायचं? दुकानदार म्हणतो, सगळं एकच.

सगळं एकच नाही. डब्यावर ५डब्ल्यू-३० असं काही तरी लिहिलेलं असतं, ती ग्रेड. डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, आकडा जितका लहान तितकं वाहायला सोपं. दुसरा आकडा गरम इंजिनात ते किती दाट राहतं ते. नव्या पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-१६, ०डब्ल्यू-२० अशी पातळ ऑइलं सांगितलेली असतात. जुन्या डिझेल गाड्यांना १५डब्ल्यू-४० चालतं.

आपल्याकडे एक समज घट्ट बसलाय की उन्हाळ्यात दाट ऑइल घालावं, इंजिनला बरं. हा समज जुन्या ट्रॅक्टरच्या काळातला. नव्या इंजिनातल्या बारीक वाटा पातळ ऑइलसाठी आखलेल्या असतात. त्यात दाट ऑइल घातलं तर ते वेळेवर पोचत नाही आणि पेट्रोलही जास्त जातं.

दुसरी खूण एपीआयची, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या दर्जाची. एस ने सुरू होणारी पेट्रोलसाठी (एसएन, २०२० पासून एसपी), सी ने सुरू होणारी डिझेलसाठी. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस ६ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाले. तेव्हापासूनच्या ज्या डिझेल गाड्यांत डीपीएफ हा काजळी धरणारा फिल्टर आहे, त्यांना जळल्यावर कमी राख सोडणारं ऑइल लागतं, नाही तर फिल्टर लवकर तुंबतो. हा फिल्टर स्वस्त नाही. दुकानात जाताना मॅन्युअलच्या त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून न्या आणि तोच दाखवा. वाद मिटतो.

एकाचं ऑइल आत आहे, दुसऱ्या कंपनीचं वरून घातलं तर?

ग्रेड आणि एपीआय खूण तीच असेल तर चालतं. अगदी अडल्यावेळी ग्रेड थोडी इकडेतिकडे झाली तरी ऑइल किमानच्या खाली ठेवून पळवण्यापेक्षा ते बरं. पुढच्या सर्व्हिसिंगला बदलून घ्या.

वॉरंटी जाईल का?

पट्टी बघा आणि कमी असेल तर घाला, हे मालकाने करायचं काम म्हणून मॅन्युअलमध्येच दिलेलं असतं. योग्य ग्रेडचं घाला आणि बिल जपून ठेवा.

ऑइल काळं पडलंय. लगेच बदलू?

रंगावर जाऊ नका. डिझेल गाडीत नवं ऑइल घालून काही दिवसांतच काळं होतं, कारण ते काजळी स्वतःत धरून ठेवतं. ते त्याचं कामच आहे. उलट सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत ऑइल बरेच दिवस उजळ दिसतं, म्हणून ते ताजं आहे असं नाही. बदलायची वेळ किलोमीटर आणि महिने ठरवतात.

बोटांच्या चिमटीत घेऊन चोळून मात्र बघा. कचकच लागली, चकचकीत कण दिसले किंवा पेट्रोलचा उग्र वास आला तर मिस्त्रीला दाखवा.

झाकणाच्या आत पिवळट साय जमलीय. इंजिन गेलं का?

जून ते सप्टेंबरमध्ये हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. आपल्याकडे, विशेषतः कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात, पाऊस सुरू झाला की हवेत दमटपणा किती असतो ते सांगायला नको. त्यात गाडी टिळकवाडीतून खडेबाजारात आणि परत, मध्ये रेल्वे गेटला उभी. इंजिन पुरतं गरमच होत नाही, आतली वाफ उडून जात नाही, थंड झाकणाला लागून ऑइलमध्ये मिसळते. तीच साय.

झाकण पुसा. गाडी हायवेला काढा आणि वंटमुरी घाट ओलांडून संकेश्वरपर्यंत जाऊन या. दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघा. फक्त झाकणाला थोडीशी असेल तर विसरून जा.

पण पट्टीवरचं ऑइलच दुधाच्या कॉफीसारखं झालं असेल आणि कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, टाकी उतरत असेल, तर ते वेगळं. कूलंट ऑइलमध्ये जातोय, बहुधा हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं पॅकिंग, गेलेलं असतं. पावसात पाण्यातून गाडी घातली असेल तरीही असं होतं. मग गाडी सुरू करू नका, ओढूनच न्या.

डॅशबोर्डवर तेलाच्या झारीचा लाल दिवा लागला. घरापर्यंत नेऊ का?

नको. बाजूला घ्या, बंद करा. लगेच.

हा दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलचा दाब पडलाय असं सांगतो. दाब नसलेलं इंजिन काही मिनिटांत बेअरिंगं खाऊन टाकतं. दहा मिनिटं थांबून पट्टी बघा. किमानच्या खाली असेल तर घाला, सुरू करा. दिवा काही सेकंदांत विझला तर हळू चालवत जवळच्या गॅरेजला जा आणि ऑइल कुठे गेलं ते शोधा. पट्टी ठीक असून दिवा लागतोय तर पंप किंवा सेन्सर, तिथून पुढे टोइंगच. चावी फिरवल्यावर हा दिवा क्षणभर लागतो आणि सुरू झाल्यावर विझतो, तो वेगळा. तसा तो लागलाच नाही तर उलट तपासून घ्या.

ऑइल न घालता पातळी वाढलीय. असं कसं?

डीपीएफ असलेल्या डिझेल गाडीत होऊ शकतं. फिल्टरमधली काजळी जाळायला गाडी जादा डिझेल सोडते. गावातल्या गावात फिरून ती जाळणी दर वेळी अर्धवट राहिली तर थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, पट्टी वर चढते. कमालच्या वर गेलं असेल तर ऑइल बदलणं हाच उपाय.

ऑइल जातं कुठे?

दोनच वाटा, गळती आणि जळणं. गळती बघायला रात्री इंजिनखाली मोठा पुठ्ठा पसरा, पोर्चमध्ये, म्हणजे पावसाचा घोळ नको. सकाळी तपकिरी-काळा चिकट डाग असेल तर ऑइल. हिरवा, लाल किंवा गुलाबी असेल तर कूलंट. नुसतं पाणी एसीचं. पुठ्ठा कोरडा, तरी पट्टी उतरतेय, तर जळतंय. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना निळसर धुराचा एक भपका येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील, तवंदी घाट चढताना सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा टर्बो, असा साधारण अंदाज. पक्कं निदान मिस्त्रीचं.

निपाणीपलीकडे ठीक, पण चिकोडी-गोकाककडे मिस्त्री कानडीच बोलतो. काय सांगायचं?

'ऑइल चेक माडी' एवढं पुरतं. तो विचारेल, 'एष्टु हाकली?' म्हणजे किती घालू. तेव्हा 'अर्धा लिटर' म्हणा, त्याला कळतं. सीमाभागातल्या गॅरेजात पाना, नट, गॅस्केट, पिस्टन यांना भाषा नसते. फक्त डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि पट्टी स्वतः बघा.

डबा खरा आहे हे कसं ओळखायचं?

झाकणाखालचं सील, छापलेली तारीख आणि बॅच नंबर, क्यूआर कोड असेल तर तो तपासून. रिकामा डबा भंगारवाल्याला देताना त्याला खिळ्याने भोक पाडा, म्हणजे त्यात पुन्हा कोणी काही भरून विकणार नाही.

काढलेलं जुनं ऑइल टाकायचं कुठे?

गटारात नाही, परसातही नाही. वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात येतं. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, गटारातून गेलेलं शेवटी अशाच एखाद्या नदीला जाऊन मिळतं. डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या, तो साठवून गोळा करणाऱ्यांना देतो. कुंपणाच्या मेढ्यांना वाळवीसाठी काळं ऑइल फासायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, माझे आजोबाही करत. विहिरीजवळच्या मेढ्यांना तरी करू नका.

इलेक्ट्रिक गाडी आहे, तिला?

इंजिनच नाही, तर इंजिन ऑइल कसलं. कूलंट आणि ब्रेक ऑइल बघत जा.

अर्धा डबा उरलाय. किती दिवस टिकतो?

सीलबंद असेल तर चार-पाच वर्षं. फोडलेला असेल तर झाकण घट्ट लावून, उन्हापासून आणि ओलीपासून लांब ठेवा आणि वर्षभरात संपवा. डब्यावर मार्करने फोडल्याची तारीख आणि गाडीचं नाव लिहा. आमच्याकडे तो डबा एकदा शेंगतेलाच्या डब्याशेजारी गेला होता, तेव्हापासून तो डिकीत असतो.